लोंढ्यातून ऑनलाईन दुकान : पैसे घेणं सोपं, पण पार्सल गोव्याला की बीदरला हे आधी बघा

लोंढा : लोंढा जंक्शनवरून एक गाडी बेळगाव-मिरजेकडं जाते, एक हुबळीकडं आणि एक कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात. आपली सोयरिक, बाजारहाट, नोकऱ्या सगळं या तिन्ही दिशांना पसरलेलं आहे. त्यामुळं खानापूर तालुक्यातल्या कुणी काजूगर, मध, आमसूल, मसाले किंवा मातीची भांडी मोबाईलवरून विकायला सुरुवात केली, की पहिली ऑर्डर बहुतेक वेळा मडगाव, वास्को, कोल्हापूर किंवा पुण्याच्या नातेवाइकाचीच येते. नेमकी इथंच आपली गोष्ट बंगळूर किंवा म्हैसूरच्या विक्रेत्यापेक्षा वेगळी होते. ती कशी, आणि ऑनलाईन दुकान लावताना कुठल्या क्रमानं जावं, ते बघू.

वेबसाईट लगेच हवीच असं नाही

सुरुवातीला व्हॉट्सअॅप बिझनेस पुरेसं आहे. त्यात मालाचे फोटो, वजन, किंमत टाकून कॅटलॉग करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. महिन्याला ठरावीक ऑर्डरी येऊ लागल्या की वेबसाईटचा विचार करा. शॉपिफायसारख्या सेवेत तयार दुकान मिळतं, पण दरमहा भाडं असतं. वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग आणि डोमेनचा खर्च दरवर्षी येतो, शिवाय ते सांभाळणारं कुणीतरी लागतं. डोमेन घेताना ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाईट करून देणाऱ्या पोराच्या नावावर राहिलं, की पुढं त्याच्या मागं फिरावं लागतं.

खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. छोट्या घरगुती व्यवसायासाठी मूलभूत नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. मिळालेला १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा. सोबत निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका.

पैसे घ्यायचे दोन रस्ते

पहिला रस्ता यूपीआयचा. क्यूआर किंवा यूपीआय आयडी पाठवला, गिऱ्हाइकानं पैसे टाकले, विषय संपला. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. दिवसाला पाच-दहा ऑर्डरी असतील तर एवढं भागतं.

दुसरा रस्ता पेमेंट गेटवेचा. रेझरपे, कॅशफ्री, पेयू अशा कंपन्या यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं एका पानावर देतात आणि पैसे साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत तुमच्या खात्यात टाकतात. शुल्क अंदाजे २ टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०० रुपयांच्या ऑर्डरला १० रुपये शुल्क, १ रुपया ८० पैसे कर, आणि हातात ४८८ रुपये २० पैसे. भाव ठरवताना हे धरलं नाही तर नफ्यातूनच जातं.

गेटवेला पॅन, आधार, बँक खात्याचा पुरावा लागतो. वेबसाईटवर पत्ता, फोन, माल पोचवण्याचे आणि पैसे परत करण्याचे नियम लिहिलेले आहेत का, हेही ते बघतात. ही पानं नाहीत म्हणून अर्ज अडकतो.

रस्ता कुठलाही घ्या, खातं मात्र धंद्याचं वेगळं ठेवा. जुलै २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. बंगळुरात कित्येक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतल्यावर वातावरण निवळलं. यातून घ्यायचा धडा यूपीआय बंद करण्याचा नाही. घरच्या खात्यात भावानं पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि विक्रीचे पैसे एकत्र झाले, की कुठले विक्रीचे आणि कुठले नाहीत हे नंतर तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. खातं वेगळं असेल आणि वहीत रोजची नोंद असेल, तर उत्तर दहा मिनिटांत देता येतं.

जीएसटी : चाळीस लाखांचा आकडा अर्धाच खरा

'चाळीस लाखांच्या आत जीएसटी नको' असं सगळे सांगतात. माल विकणाऱ्यासाठी ते बरोबर आहे, पण माल राज्यातल्या राज्यात विकला तरच. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला, की उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी घ्यावी लागते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. लोंढ्याहून बीदर म्हणजे राज्याचं दुसरं टोक, पण पार्सल राज्यातलं. गोवा कॅसलरॉकच्या पलीकडं, पण पार्सल आंतरराज्य. निपाणीच्या विक्रेत्याला कागलचं गिऱ्हाईकही तसंच. काजूगरावर ५ टक्के जीएसटी आहे. बेळगावला पाठवले तर त्यात अडीच टक्के केंद्राचे आणि अडीच राज्याचे. मडगावला पाठवले तर पूर्ण ५ टक्के आयजीएसटी.

यात चार बारकावे आहेत.

एक, समोरून घेतलेला माल. गोव्याचा प्रवासी लोंढ्यात उतरून दुकानातून पाकीट घेऊन गेला आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिला नाही, तर विक्री कर्नाटकातलीच धरली जाते. अडचण पार्सल पाठवण्याची आहे.

दोन, हस्तकला. मातीची भांडी, टेराकोटा अशा सरकारी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तू राज्याबाहेर पाठवायला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. खानापूरची कुंभारकला नावाजलेली आहे, तेव्हा ही सवलत आपल्या कामाची आहे. पॅन लागतो आणि माल पाठवताना ई-वे बिल काढावं लागतं.

तीन, मोठ्या ऑनलाईन बाजारातून विक्री. पूर्वी अशा ठिकाणी माल टाकायचा तर जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. पण एकाच राज्यात. म्हणजे लोंढ्याचा माल कर्नाटकभर जाईल, गोवा-महाराष्ट्रात नाही.

चार, कंपोझिशन योजना. कमी दरानं कर भरायची ही योजना गावच्या दुकानदाराला सोयीची वाटते. पण ती घेतली की राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. सीमेवरच्या माणसानं हे आधी विचारून घ्यावं.

नोंदणीला सरकारी शुल्क नाही. जागा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल चालतं. खरी जबाबदारी नोंदणीनंतरची आहे. विक्री झाली नाही तरी रिटर्न भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, आणि शून्य विक्री असेल तरी दिवसाला २० रुपये दंड. म्हणून दोन पार्सलांच्या हौसेसाठी नंबर घेऊ नका. गोवा-महाराष्ट्राची मागणी कायमची दिसत असेल तर मात्र टाळू नका. नंबर घेतला की तिन्ही दिशांचा बाजार तुमचा आहे.

फसवणूक आणि अडकलेले पैसे

पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. 'मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय, शंभर पाकिटं हवीत, कोड स्कॅन करा' असा फोन आला तर तो बंद करा. पेमेंटचा स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो. स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पार्सल हलवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच थांबण्याची शक्यता जास्त.

पावसाळ्यात आपल्याकडं लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातात. मग गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि तुम्हाला दिसत नाहीत. अशा वेळी गिऱ्हाइकाशी वाद घालू नका, आणि दुसऱ्यांदा पैसेही मागू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला केलेलं असं फसलेलं यूपीआय पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत जायला हवं. त्यापुढं गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. हे त्याला शांतपणे सांगितलं तर गिऱ्हाईक तुटत नाही.

कुठून सुरू करावं

पहिल्या महिन्यात वेगळं खातं, उद्यम आणि खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय नोंदणी. मग व्हॉट्सअॅप कॅटलॉग आणि क्यूआर. न फुटणारा, न सांडणारा माल आधी घ्या. कोकम सरबताच्या काचेच्या बाटल्या नंतर. पार्सल पोस्टात नेण्याआधी घरी वजन करून बघा, कारण टपालखर्च वजनावर ठरतो आणि तो भावात धरावा लागतो. तीन महिने प्रत्येक ऑर्डरपुढं वहीत गिऱ्हाइकाच्या राज्याचं नाव लिहा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते पान घेऊनच कर सल्लागाराकडं जा. गोव्याच्या किती, महाराष्ट्राच्या किती आणि कर्नाटकातल्या किती ऑर्डरी मागितल्या गेल्या, यावरूनच जीएसटी नंबर घ्यायचा की नाही ते ठरेल. तोवर राज्याबाहेरच्या पाव्हण्यांना सांगा, 'गावाकडं याल तेव्हा दुकानातूनच घेऊन जा.'