मुरगळलेला घोटा आणि जवळचा भौतिकोपचार : भंडारदरा परिसराच्या निमित्ताने

काजव्यांच्या दिवसांपासून पावसाळा सरेपर्यंत भंडारदरा, बारी, रतनवाडी या भागात पर्यटकांची रीघ असते. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) वा रतनगडाच्या शिड्यांवरून उतरताना पाय मुरगळलेला मुंबई-पुण्याचा गिर्यारोहक दुसऱ्या दिवशी आपल्या शहरातील भौतिकोपचारतज्ज्ञाकडे, म्हणजेच फिजिओथेरपिस्टकडे पोहोचतो. मात्र त्याच वाटेवर सामान वाहणारा स्थानिक तरुण वा आश्रमशाळेतील कबड्डीपटू जखमी झाल्यास तो हाडवैद्याकडे, औषधालयात किंवा आपल्याकडे येतो. लेपगोळी, घट्ट पट्टी, लाक्षादि गुग्गुळ, आठ दिवसांत सूज उतरली की उपचार संपले, असे तो समजतो. आणि पुष्कळदा आपणही समजतो. हंगामाच्या ऐन मध्यावर तोच घोटा पुन्हा वळतो आणि घरात येणारी मजुरी थांबते.

असे का घडते? घोट्याच्या बाहेरील स्नायूंना (येथे स्नायू हा शब्द सुश्रुतोक्त अर्थाने, म्हणजे अस्थिबंध या अर्थी घ्यावा, व्यवहारात मांसपेशीला स्नायू म्हणण्याच्या प्रघाताने बराच गोंधळ केला आहे) इजा झाली म्हणजे केवळ ताण सहन करण्याची शक्ती घटत नाही, तर पाऊल कोठे व कसे टेकले याची सांध्याला होणारी जाणीवही मंदावते. सूज व वेदना शमल्या तरी ही जाणीव आपोआप पूर्ववत् होतेच असे नाही. ती व्यायामाने परत आणावी लागते. एका पायावर तोल सांभाळणे, टाच उचलणे, रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल फिरवणे, मग उतारावर चालणे, शेवटी उडी. क्रीडा-भौतिकोपचाराचे मर्म या क्रमात आहे. यंत्राच्या शेकात नव्हे.

हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हाताच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, नंतर मीठ आणि बळ आल्यावर पाषाण धरावयास सांगितला आहे. वाढत्या भाराचा याहून स्पष्ट उपदेश कोणता हवा? त्याच अध्यायात पट्टी फार सैल असल्यास सांधा स्थिर होत नाही व फार घट्ट असल्यास शोथ आणि वेदना वाढतात, असेही सांगितले आहे. शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी ती सोडावी, हा निर्देश आपण पाठ केला. मातीचा गोळा मात्र परीक्षेपुरताच राहिला.

पहिले दोन-तीन दिवस मर्दन आणि उष्ण शेक टाळावेत. तैल कितीही उत्तम असो, ताज्या शोथावर ते चोळण्याचा आग्रह धरू नये. शीत परिषेक, बेताची पट्टी व पाय उंच ठेवणे पुरेसे. तत्पूर्वी अस्थिभग्न नाही याची खात्री हवी. त्यासाठी १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे मांडलेले निकष खेड्यातही वापरता येतात. दोन्ही घोट्यांच्या हाडांच्या मागील कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरपर्यंत वा टोकावर, करंगळीच्या बाजूच्या मधल्या हाडाच्या बुंध्याशी किंवा पावलाच्या आतील नौकाकृती अस्थीवर दाबल्यास दुखणे. अथवा इजेनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावले टाकता न येणे. यांपैकी काहीही आढळल्यास क्ष-किरण तपासणी करावी. औषधविक्रेत्या बंधूंनीही वेदनाशामक देण्यापूर्वी 'चार पावले चालता येतात का?' एवढा प्रश्न अवश्य विचारावा.

राजूर व अकोले येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. क्ष-किरणाची सोय त्या दिवशी चालू आहे की नाही, हे दूरध्वनीने आधी विचारणे श्रेयस्कर. भौतिकोपचारासाठी राजूर-अकोले मार्गे संगमनेर गाठावे किंवा घोटीकडून नाशिक. जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे. भंडारदऱ्याहून दोन्ही दूर पडतात, हे खरे. परंतु अशा रुग्णास रोज जावे लागतेच असे नाही. प्रारंभी एकदा, तीन-चार आठवड्यांनी एकदा आणि मधल्या काळात घरचा व्यायाम, अशी योजना अनेक तज्ज्ञ मान्य करतात. ती मागून घ्यावी. मधल्या आठवड्यांत देखरेख आपण करू शकतो.

तज्ज्ञ निवडताना पदवी व महाराष्ट्र परिषदेकडील नोंदणी पाहावी. पदव्युत्तर शिक्षण क्रीडाविषयक असल्यास उत्तम. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, तो रुग्णाला चालवून, वाकवून, पायरी उतरवून पाहतो का? दहा दिवस यंत्राखाली निजवून एकही व्यायाम न शिकवणाऱ्याकडे गरीब माणसाचे बसभाडे खर्ची घालू नये.

सोबत पत्र द्यावे. त्यात इजेची तारीख, पाय आत वळला की बाहेर, तपासणीतील निष्कर्ष, दिलेली औषधे व लेप तर लिहावेतच, पण रुग्णाचे काम विशेषत्वाने लिहावे. 'मजूर' एवढे पुरत नाही. 'पाठीवर वीस किलो घेऊन लोखंडी शिडी उतरतो' असे लिहिले, तरच तज्ज्ञ त्या भारापर्यंत व्यायाम नेईल. दुखऱ्या पायावर टाच उचलण्याची संख्या दुसऱ्या पायाइतकी होईपर्यंत आणि एका पायावरची उडी न दुखता जमेपर्यंत त्याला ओझे देऊ नये, ही सूचना शक्यतो गटाच्या मुकादमालाही कळवावी. कारण शनिवार-रविवारी कामावर बोलावणारा तोच असतो.