विझलेल्या ताऱ्याचा माग

गेल्या विज्ञानदिनी वडिलांना घेऊन मी खोडदची रेडिओ दुर्बीण पाहावयास गेलो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरात दूरवर पसरल्या आहेत. एम ८१ या दीर्घिकेत १९९३ साली फुटलेल्या ताऱ्याचा वेध या दुर्बिणीने घेतला आहे. शेतीत आयुष्य गेलेल्या वडिलांनी विचारले, “जळून गेलेला तारा कशाला हुडकायचा?” मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी, उत्तर सुचेना. पुढे ग्रंथालयात बसून जे समजले ते येथे मांडतो.

प्रचंड वस्तुमानाचा तारा मरणापूर्वी अंगावरचा वायू भोवती उधळीत असतो. स्फोटाचा तडाखा या वायूवर बसला की इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात व रेडिओलहरी सोडतात. म्हणून डोळ्यांना दिसणारा प्रकाश मावळल्यावरही या लहरी कित्येक वर्षे येत राहू शकतात. त्यांच्या चढउतारावरून ताऱ्याने अखेरच्या काळात किती वायू टाकला, हे कळते.

आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी निर्विवादपणे दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. तेव्हा काही दशके वयाचे अवशेष पाहायचे तर शेजारच्या दीर्घिकांकडेच वळावे लागते. सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एम ८३ मध्ये १९५० व १९५७ साली दिसलेल्या अतिनवताऱ्यांच्या रेडिओलहरी कोवन व ब्रँच या शास्त्रज्ञांनी न्यू मेक्सिकोतील २७ तबकड्यांच्या दुर्बिणीने टिपल्या. ते संशोधन १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्याच दीर्घिकेतील १९२३ च्या ताऱ्याचा माग १९९८ साली जाहीर झाला. उलट देवयानी दीर्घिकेतील १८८५ च्या ताऱ्याकडून खात्रीलायक लहरी मिळालेल्या नाहीत. तो वेगळ्या जातीचा होता. त्याच्याभोवती फारसा वायू नसावा. म्हणजे मौनही काही सांगतेच!

अडचण अशी, की तप्त हायड्रोजनचे ढगही रेडिओलहरी सोडतात. परंतु अवशेषाच्या लहरी सहसा लांब तरंगलांबीवर अधिक प्रबळ असतात व कालांतराने बदलतात. शिवाय स्फोटाची नेमकी जागा ठाऊक हवी. ती मिळते जुन्या छायाचित्रांतून व नोंदींतून. कुणीतरी काळजीने लिहून ठेवले नसते, तर नवी दुर्बीणही आंधळीच ठरली असती.

हे घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, “म्हंजी जुना फेरफार काढून बुजलेला बांध हुडकावा, तसंच की!” इतके नेमके वाक्य मला पुस्तकात सापडले नव्हते.