मध्येच लागणारा पिवळा दिवा
गेल्या पावसाळ्यात चाकण–तळेगाव मार्गावर माझ्या पुतण्याच्या ट्रकचा पिवळा दिवा चढावर लागे आणि गाडी सपाटीवर आली की विझे. गॅरेजात गाडी उभी राही, तेव्हा दिवा बंदच! दोष नाही असे समजून महिना गेला.

तो दिवा डिझेलमधील पाण्याचा होता. पाणी डिझेलहून जड असल्याने फिल्टरच्या तळाशी साचते. तेथील सेन्सरची दोन टोके पाण्यात बुडाली की वीज वाहते. डिझेलमधून ती वाहत नाही. चढावर पाणी हलते, म्हणून दिवा लुकलुकतो. बँकेत असताना मध्येच थकणारे आणि मध्येच भरणारे खाते मला सरळ बुडालेल्या खात्याहून अधिक फसवे वाटे, त्याची आठवण झाली.

इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन प्लग सैल करावा, निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी भांड्यात घ्यावे, मग हातपंपाने हवा काढावी. तरीही दिवा लागला तर सेन्सरच्या वायरचा सांधा तपासावा. पुतण्या काटकसरीने टाकी अर्धीच भरी. रिकाम्या भागातील दमट हवेचे रात्री पाणी होते. अखेर इंजेक्टर बदलावे लागले. आता तो मुक्कामाला जाण्यापूर्वी टाकी भरून घेतो.