छातीचं हाड दुखतं, तळहाताला फोड येतात? दोन्ही एकत्र सांगा

मुकुटबन परिसरात हाडं-सांधे दुखले की आम्हाला आधी सिकलसेल, फ्लोराइडचं पाणी आणि क्षय आठवतो. त्या तपासण्या आधी व्हाव्यातच. पण गळ्याखालचं आडवं हाड छातीच्या हाडाला जुळतं तिथे महिनोन्‌महिने सूज असेल आणि तळहात-तळपायाला पुवाच्या पुटकुळ्या येत असतील, तर ‘साफो’ या दुर्मिळ आजाराची शंका घ्यावी. १९८७ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं.

अडचण अशी, की फोड एका डॉक्टरला दाखवतो, हाड दुसऱ्याला. मग कधी क्षय, कधी कॅन्सर समजला जातो.

इथे बोन स्कॅन कामी येतो. शिरेतून टेक्नेशियमचं किरणोत्सर्गी औषध अगदी थोडं देतात. २ ते ४ तासांनी कॅमेरा सगळ्या सांगाड्याचं चित्र घेतो. आजारी हाड गडद दिसतं. साफोमध्ये बऱ्याचदा छातीवर बैलाच्या डोक्या-शिंगांसारखा आकार उमटतो. मात्र निदान डॉक्टर सगळं मिळूनच करतात.

घाबरू नका. या औषधाचे किरण दर ६ तासांनी निम्मे होतात, बरंचसं औषध लघवीतून जातं. भरपूर पाणी प्या. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगा.

नागपूरला जाण्यापूर्वी डॉक्टरची चिठ्ठी आणि जुने एक्स-रे घ्या. खर्च योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि फोड दिसले म्हणून कुणा बाईच्या हातची भाकरी नाकारू नका. साफो शिवल्याने लागत नाही.