गुळाचा पाक आणि खारट चुरमुरे

मैसूर शहराजवळचे बेळगोळ हे गाव कावेरी नदीवरील कृष्णराजसागर धरणाच्या परिसरात येते. या धरणाचे काम 1911 साली सुरू झाले. त्याच्या पाण्यामुळे मंड्या जिल्ह्यात ऊस पसरला आणि 1933 साली मंड्यास साखर कारखाना निघाला. तथापि कन्नडमध्ये ज्यांना ‘आलेमने’ म्हणतात ती गुऱ्हाळे त्यामुळे नाहीशी झाली नाहीत. मंड्याच्या गुळाचे नाव आजही टिकून आहे. मैसूरच्या रस्त्यांवर कांदा, मिरची घालून कालवलेले तिखट चुरमुरेही तितकेच लोकप्रिय. गूळ आणि चुरमुरे अशी दोन्ही हाताशी असताना पाकात घोळलेला गोड-खारट चिवडा घरी करणे कठीण नाही.

असे मिश्रण या प्रदेशाला परके नाही. संक्रांतीच्या ‘एळ्ळु-बेल्ल’मध्ये तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे व डाळे एकत्र येतात; मात्र त्यावर पाकाचा लेप नसतो. अमेरिकेत 1896 पासून ‘क्रॅकर जॅक’ या नावाने विकला जाणारा खाऊ म्हणजे काकवीच्या पाकातल्या मक्याच्या लाह्या व शेंगदाणेच होत.

या पदार्थाचे यशापयश एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे पाणी. पाक उकळू लागला की त्यातील पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते आणि तापमान हळूहळू चढते. सुमारे 115 अंश सेल्सियसला गोळीबंद पाक होतो. तो लाडवांना योग्य, परंतु चुरमुऱ्यांना घातक, कारण त्यात उरलेले पाणी चुरमुरे शोषून घेतात व चिवट होतात. सुमारे 150 अंशांवरचा पाक थंड झाल्यावर काचेसारखा कडक बनतो. तापमापक नसल्यास थंड पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून पाहावा. तो कट्‌कन मोडला तर पाक झाला; दाताला चिकटला तर नाही. पांढऱ्या साखरेचा रंग साधारण 160 अंशांनंतर पालटू लागतो आणि तिला खरपूस, किंचित कडवट चव येते. गूळ मात्र त्याआधीच करपतो, म्हणून आच मंदच हवी. मिठाचे खरे काम येथे दिसते: ते कडवटपणा दाबते आणि गोडी अधिक खुलवते.

साधारण 100 ग्रॅम चुरमुरे कढईत कोरडेच कुरकुरीत करावेत. 150 ग्रॅम शेंगदाणे, मूठभर डाळे व सुक्या खोबऱ्याचे काप वेगवेगळे भाजावेत आणि सर्व जिन्नस गरमच ठेवावेत. थंड जिन्नसांवर पाक पसरण्याआधीच थिजतो. दोन चमचे तूप, 200 ग्रॅम चिरलेला गूळ व दोन चमचे पाणी एकत्र उकळावे. पाक तयार होताच आच बंद करून पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. सोड्यातून निघणाऱ्या वायूमुळे पाक फसफसतो. त्या बुडबुड्यांनी लेप हलका व ठिसूळ होतो. लगेच सारे मिश्रण घालून लांब दांड्याच्या उलथण्याने हलवावे. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असून कातडीला चिकटून राहतो. मुलांना चुलीपासून दूर ठेवण्याबाबत येथे सवलत नाही.

मीठ व तिखट शेवटी, लेप ओला असतानाच भुरभुरावे. पाकात विरघळलेले मीठ सर्वत्र सारखेच लागते, वरून पडलेले जिभेला अधूनमधून भेटते, आणि मजा त्यातच आहे. चुरमुरे मुळातच खारवलेले असतील तर हात आखडता घ्यावा. तूप लावलेल्या परातीत मिश्रण पसरून कोमट असतानाच गठ्ठे सुटे करावेत.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोजही असतात आणि ते हवेतील बाष्प चटकन ओढून घेतात. त्यामुळे पावसाळ्यात हा चिवडा उघडा राहिल्यास तासाभरातही चिकट होऊ शकतो. पूर्ण निवल्यावरच तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. गरम भरल्यास झाकणाखाली साचलेले पाणी परत त्याच्यावरच ठिबकते. किंचित मऊ पडलेला चिवडा मंद आचेवर पुन्हा गरम करून परातीत निवू दिला, तर बहुधा पूर्ववत कुरकुरीत होतो.