ट्रिमचा नॉब शेवटी फिरवा!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरसी ट्रक काढलात, थ्रॉटल दाबलंत, आणि स्टिअरिंगला बोटही न लावता गाडी निघाली शेजारच्या काकांच्या बाइककडे. मग तुम्ही काय करता? रिमोटवरचा ट्रिमचा नॉब फिरवता. गाडी सरळ जाते, विषय संपला. आठवड्याने पुन्हा तेच. मीही बरेच दिवस हेच केलं. एक सर्व्हो जळाल्यावर अक्कल आली.

ट्रिम दुरुस्त काहीच करत नाही. चाकं सरळ दिसावीत म्हणून तो सर्व्होलाच मधल्या जागेवरून सरकवून ठेवतो. मग गाडी उजवीकडे गर्रकन वळते आणि डावीकडे वळायला तिला अख्खं मैदान लागतं.

म्हणून आधी गाडीकडे बघा. पुढची चाकं हाताने हलवा. खडखडतायत? टाय रॉडचे बॉल जॉइंट झिजले असतील, किंवा सर्व्हो सेव्हर (धडक बसली की सर्व्होचे दाते वाचवणारा स्प्रिंगवाला भाग) सैल पडला असेल. एखादा रॉड वाकलाय का तेही तपासा. हे तसंच ठेवून केलेलं अलाइनमेंट टिकणार नाही.

आता मुख्य काम. चाकं अधांतरी राहतील अशी गाडी डब्यावर ठेवा. ट्रिम शून्यावर आणा. आधी रिमोट चालू, मग गाडी. सर्व्होच्या हॉर्नचा स्क्रू काढा आणि हॉर्न बाहेर खेचा. सर्व्हो आपोआप मध्यावर येऊन थांबलेला असतो. आता हॉर्न परत असा बसवा, की तो आणि त्याला जोडलेला रॉड काटकोनात येतील. अगदी काटकोन जमला नाही तर वैतागू नका. बऱ्याच सर्व्होंना 25 दाते असतात, म्हणजे एक दाता सरकला की 14.4 अंशांचा फरक. त्यातल्या त्यात जवळचा दाता निवडा. उरलेला फरक रॉडची लांबी बदलून काढा. लांबी बदलता येत नसेल तर मात्र ट्रिम वापरा. तो त्याच्यासाठीच असतो.

टाय रॉड टर्नबकलचे असतील तर काम सोपं. एका टोकाला उलटे आटे असल्याने ते न काढता, जागच्या जागी पान्याने फिरवून लांबी बदलते. बॅटरी आत ठेवूनच गाडी वीतभर उंचीवरून टपकन सोडा, सस्पेन्शन बसू दे, मग वरून बघा. चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असतील तर तो टो-इन. गाडी सरळ रेषेत शांत धावते. बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. वळणात चपळ, पण सरळ रस्त्यावर वळवळी. नुसतं उडवायचं-आपटायचं असेल तर शून्याच्या आसपास ठेवा.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टोकाला सर्व्हो गुरगुरत राहिला तर रिमोटवर एंड पॉइंट कमी करा. माझा सर्व्हो याच गुरगुरण्यात गेला.

आणि हो, चाचणी घेताना गाडी त्याच वाटेने उलट दिशेनेही पळवा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढत असेल तर गाडी ठीक आहे, उतार फरशीचा आहे. हे कळायच्या आधी मी तासभर टाय रॉड पिळत बसलो होतो.