परगावची भाड्याची सदनिका : परतावा, अंतर आणि मालकाचे दायित्व

बीजसंज्ञा : स्थावर मालमत्ता, भाडे उत्पन्न, लिव्ह अँड लायसन्स करार, भाडे नियंत्रण

प्रस्तावना :
लातूर, सांगली, जळगाव यांसारख्या शहरांत नोकरी करणाऱ्या पगारदार वर्गाने पुण्यात सदनिका घेऊन ती भाड्याने द्यावी, ही गोष्ट महाराष्ट्रात आता नवी राहिलेली नाही. शिक्षणसंस्था व माहिती तंत्रज्ञान उद्योग यांमुळे तेथे भाडेकरूंची वाण नसते. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या अध्यापकांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. साहजिकच, निवृत्तीनंतरच्या पूरक उत्पन्नाचा प्रश्न या वर्गाला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. अशा गुंतवणुकीत अंतर हाच एक स्वतंत्र खर्च कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परताव्याचे गणित :
उदाहरणादाखल, ६० लाख रुपयांची सदनिका दरमहा १८,००० रुपये भाड्याने दिली असे गृहीत धरू. वार्षिक भाडे २,१६,००० रुपये, म्हणजे ढोबळ परतावा ३.६ टक्के होतो. त्यातून सदनिका महिनाभर रिकामी राहिल्यास १८,०००, मध्यस्थाची दलाली १८,०००, सोसायटीची देखभाल वर्गणी ३०,०००, मिळकतकर १५,०००, दुरुस्ती १०,००० आणि प्रवास ६,००० असे ९७,००० रुपये वजा केल्यास हाती १,१९,००० रुपये उरतात. निव्वळ परतावा २ टक्क्यांच्याही आत येतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, कर्जावरील व्याज आणि आयकर यांचा विचार यात केलेलाच नाही.

यांपैकी काही खर्च मालक तेथे राहत नसल्यामुळेच उद्भवतात. पुणे महानगरपालिका क्षेत्रात मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीस करात ४० टक्के सवलत मिळते. भाड्याने दिलेल्या सदनिकेस ती मिळत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क आकारते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. आयकरात मात्र मालकाने भरलेला मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

कायदेशीर दायित्व :
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ओळखीच्या माणसाकरवी तोंडी ठरवून घर देणाऱ्या परगावच्या मालकाला ही तरतूद विशेष जाचक ठरते. नोंदणी असल्यास कलम २४ त्याच्या बाजूने उभे राहते. मुदत संपूनही निवासी जागा न सोडणाऱ्यास सक्षम प्राधिकारी बाहेर काढू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्काचा आदेश देऊ शकतो. तथापि हे प्रकरण मिळकत जेथे आहे तेथेच चालते. ई-नोंदणीमुळे करारासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याची गरज उरलेली नाही. ताबा मिळवण्याच्या कार्यवाहीसाठी मात्र एक तर स्वतः जावे लागते किंवा वकील नेमावा लागतो.

दूरस्थ व्यवस्थापन :
बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात सदनिका घ्यावयाची असल्यास महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर आराखडे व पूर्णत्वाची तारीख तपासता येते. परंतु पाण्याची टंचाई, टँकरवरील खर्च किंवा परिसरातील रिकाम्या सदनिकांचे प्रमाण प्रत्यक्ष गेल्याशिवाय उमगत नाही. स्थानिक प्रतिनिधी नेमल्यास त्यास दिलेले कुलमुखत्यारपत्र भाडेव्यवहारापुरतेच मर्यादित असावे. विक्रीचा अधिकार त्यात असू नये. सामानाची यादी करारास जोडावी, अनामत रकमेची नोंद करारातच असावी आणि भाडे बँक खात्यातच घ्यावे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे वेळेत देणेही हिताचे असते.

निष्कर्ष :
परगावची सदनिका हे घरबसल्या मिळणारे उत्पन्न आहे, हा समज अपुरा आहे. चालू भाडे निव्वळ परताव्याच्या कसोटीवर तपासावे. किंमतवाढीची आशा त्यात मिसळू नये. जो मालक वर्षातून दोन वेळा तेथे जाऊ शकत नाही आणि विश्वासू प्रतिनिधीचा खर्चही सोसू शकत नाही, त्याने आयुष्यभराची बचत एकाच दूरच्या मिळकतीत गुंतवण्यापूर्वी मुदत ठेवीशी तिची तुलना अवश्य करावी.